खुनी निर्व्यसनी असावा

परवा एका वेबसिरीजमध्ये खलनायकाने एकाला सुऱ्याने भोसकलं, पातं रुमालाला पुसलं आणि निवांत सिगारेट शिलगावली. लगेच पडद्याच्या तळाशी पांढरी पट्टी आली : धूम्रपान आरोग्यास हानिकारक आहे. आम्हाला हायसं वाटलं. समोर पडलेला इसम निर्व्यसनी होता, तरी गेला, हा भाग निराळा.

२०१२ पासून थिएटरात आणि २०२३ पासून ओटीटीवर तंबाखूची ही पट्टी सक्तीची आहे. हल्ली पेला दिसला तरी पट्टी येते. तेव्हा आमची सूचना अशी की 'एकच प्याला' हे जुनं नाटक चित्रित करून ओटीटीवर आणावं. सुधाकर पहिला प्याला उचलतो, पट्टी. दारुडा तळीराम आग्रह करतो, पट्टी. (तळीराम आहे तोवर ती काढूच नये, मजुरी वाचेल.) सुधाकरची बायको सिंधू जात्यावर बसते तेव्हा पट्टी नाही, कारण जात्यापाशी पेला नाही. झिंगलेल्या सुधाकरच्या काठीने तान्हं मूल जातं, तेव्हा पट्टी सुधाकरच्या यकृताची विचारपूस करते. अखेर तो दारूत विष कालवून पितो. आता आली पंचाईत! दारू हानिकारक हे कळलं, विषाचं काय? त्याबद्दल नियमात अवाक्षर नाही, प्रेक्षकाने तारतम्याने घ्यावं. अहो, ते अख्खं नाटकच दारूविरुद्धची पाच अंकी पट्टी आहे. शंभर वर्षांमागे लोकांनी ती पाहिली, पदर ओले केले आणि समजायचं ते समजले. आता इशाऱ्यालाही इशारा लागतो.

आणि संध्याकाळी सातला, पोरंबाळं जेवायला बसलेली असताना, मालिकेत सुनेला थोबाडीत बसते. एकच थोबाडीत, तीन बाजूंनी तीनदा, वर ढगांचा गडगडाट. तिथे पट्टी कुठाय? तसाच मार खाऊन एखादी बाई तीच मालिका बघत असेल, तिला सावध कोण करणार? ज्या घरात कुणी जीव दिलाय, त्या घराला आत्महत्येच्या दृश्याआधी एक ओळ सांगितली तर म्हणे रहस्य फुटतं! फुटू दे की. तुमचा खुनी कोण ते आम्हाला पहिल्याच भागात कळलेलं असतं. ओटीटीवर कोपऱ्यात हिंसेची सूचना येते खरी. पण मुंगीएवढ्या अक्षरांत, वर इंग्रजीत. चष्मा सापडेस्तोवर पहिला मुडदा पडलेला असतो. ही सूचना बघणाऱ्यासाठी नसतेच. उद्या कुणी बोंब मारली तर 'आम्ही सांगितलं होतं' म्हणायची ती सोय.

निर्मातेहो, पट्टी जरूर ठेवा. फक्त अक्षरं मोठी करा, मराठीत लिहा आणि एखादी त्या थोबाडीतखालीही येऊ द्या.