नववी-ब आणि बोकडाचा मेंदू

शाळेचं वार्षिक नियोजन करणाऱ्या माणसाने पंचांग कधी उघडलेलं नसतं. म्हणून नववीच्या विज्ञानात चेतासंस्था बरोबर श्रावणात येते, आणि मटणाच्या दुकानात उभी राहिलेली विज्ञानाची बाई ही गावात बातमी होते.

"अख्खा पाहिजे. फोडू नका," मी सांगितलं.

"पाहुणे आलेत का, बाई?"

"नाही हो मामा, शाळेसाठी."

मामांचा सत्तूर हवेतच थांबला. "पोषण आहारात आता भेजा पण आला?"

पोषण आहार आठवीपर्यंतच असतो, हे त्यांना समजावत बसले नाही. डबा पिशवीत टाकला आणि पिशवीवर कोथिंबिरीची जुडी ठेवली, तरी शाळेत पोचेपर्यंत मुख्याध्यापकांना सगळं कळलेलं होतं.

पुस्तकातल्या आकृतीत मेंदू टणक, सुबक आणि बाण काढायला सोयीचा असतो. खरा मेंदू ट्रेमध्ये ठेवला की बसकण मारतो. पाणी वगळलं तर त्याच्यात निम्म्याहून अधिक स्निग्ध पदार्थ, तो काय ताठ बसणार! मी चिमट्याने त्याला सावरत असताना मागच्या बाकावरून सल्ला आला, "मॅडम, आधी हळद-मीठ घालून उकळायचा असतो. घट्ट होतो." प्रयोगशाळा फॉर्मॅलिनवर जो खर्च करते, तो या मुलाची आई चिमूटभर हळदीत भागवते. वर्षभर एकाही प्रश्नाला उभा न राहिलेला तो मुलगा त्या तासाला माझा साहाय्यक झाला.

मागचा छोटा गोळा दाखवून मी म्हटलं, "हे अनुमस्तिष्क. शरीराचा तोल हे सांभाळतं."

"म्हणजे दारू प्याल्यावर हेच बिघडतं?"

"हेच."

वर्गात समाधानाची लाट पसरली. या मुद्द्याचं प्रात्यक्षिक गावात रोज संध्याकाळी, मोफत आणि एसटी स्टँडसमोर होत असल्यामुळे घटक चाचणीत तो कुणीही चुकवला नाही. चेतापेशीची आकृती मात्र निम्म्या वर्गाने मुळासकट उपटलेल्या रोपासारखी काढली, आणि खरं सांगायचं तर ती तशीच दिसते, म्हणून मी गुण दिले.

आकडे सांगताना मात्र जपायला हवं. मोठ्या माणसाचा मेंदू १३०० ते १४०० ग्रॅमचा, म्हणजे वजनाने शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण शरीर विसावलेलं असताना एकूण ऊर्जेतला वीस टक्के वाटा एकटा खातो. लगेच प्रश्न आला, "मग गणितं सोडवली की बारीक होता येईल?" नाही. गणित सोडवताना आणि खिडकीबाहेर बघताना मेंदूचा खर्च जवळपास सारखाच असतो. विज्ञान म्हणून हे खरं आहे, पण तेव्हापासून खिडकीबाहेर बघणाऱ्यांना नैतिक बळ आलं ते आलंच.

प्रतिसादाचा वेग शिकवायला मी पाचशेची नोट वापरते. नोट १५ सेंटीमीटर लांब. मी ती वरून उभी धरायची, मुलाने गांधीजींच्या चेहऱ्यापाशी दोन बोटं उघडी ठेवायची. मी सोडल्यावर पकडली तर नोट त्याची. मधल्या साडेसात सेंटीमीटरला ०.१२ सेकंद लागतात, आणि नोट सुटलेली पाहून बोटं मिटायला साधारण ०.२ सेकंद. भौतिकशास्त्र माझ्या बाजूने होतं, म्हणून तर औदार्य. कबड्डीच्या संघातले धटिंगण येऊन गेले, हवा पकडून गेले. मग पहिल्या बाकावरची एक किरकोळ पोरगी आली आणि नोट घेऊन गेली.

"मॅडम, सोडायच्या आधी तुम्ही ओठ मुडपता."

ती नोटेकडे बघतच नव्हती. ताशी १४० किलोमीटरने येणारा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत फलंदाजापर्यंत पोचतो. नुसतं चेंडूवर विसंबून चालत नाही, गोलंदाजाची धाव आणि मनगट आधीच वाचावं लागतं. मेंदू घटना घडण्याची वाट बघत नाही, अंदाज बांधून मोकळा होतो. हे सगळं मी फळ्यावर छान मांडलं. तोवर नोट कंपासपेटीत गेली होती.

कपाळामागचा, विचार करून निर्णय घेणारा भाग पंचविशीच्या आसपास पूर्ण पिकतो, हेही मी सांगून बसले. दुसऱ्या दिवशी गृहपाठ न करणाऱ्या सगळ्यांचं कारण एकच. पालकसभेत एका वडिलांनी तर विचारलं, "बाई, तो भाग पंचविशीत होतो म्हणता, मग बोर्डाची परीक्षा सोळाव्या वर्षी का घेता?" मी त्यांना वर्गशिक्षकांकडे पाठवलं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं सांगितलं. चांगलं केलं. पण लहान पोरं घरात सगळ्यांच्या आधी उठून बसतात. वयात येताना झोपेचं मेलाटोनिन रात्री तास-दोन तास उशिरा पाझरू लागतं, आणि खरी पंचाईत होते ती नववी-दहावीची. आमची नववी-ब सकाळी सव्वासातला भरते. शिक्षण खात्यात कुणी हे वाचत असेल, तर विनंती आहे की घड्याळाचे काटे वरच्या वर्गांसाठीही जरा सरकवा. पहिला तास विज्ञानाचा असतो, आणि आठ वाजेपर्यंत मीही फारशी जागी नसते.