त्या पोराला मारायचं काय नडलं होतं?

अहो, ऐकलंत का? या की इकडे, जरा जवळ या. मोठ्यानं बोलायची सोय नाही, सात नंबरची खिडकी सताड उघडी आहे. परवा मंडळानं हॉलमध्ये तो 'पे इट फॉरवर्ड' लावला होता. तुम्ही नव्हतात. चुकलंत हो! सिनेमाचं नाही म्हणत मी, तो काय २००० सालचा, कधीही बघाल. सिनेमा संपल्यावर जे झालं ना, ते चुकलंत.

शेवट तर तुम्हाला ठाऊकच आहे. ते गोड पोरगं, 'सिक्स्थ सेन्स'मधलं हो, हेली जोएल ऑस्मेंट, मित्राला मारणाऱ्या पोरांच्या मध्ये पडतं आणि सुरा लागून जातं. मग रात्री दारात मेणबत्त्या, लांबच लांब गाड्यांची रांग, मागे ते गाणं. हॉलमधले दिवे लागले तर कोपऱ्यावरच्या आजींचा पदर ओलाचिंब. "'माहेरची साडी'ला रडले नव्हते इतकी," म्हणाल्या. आणि नेमक्या त्याच वेळी मागून आयटीवाल्या सूनबाईंचा आवाज, "सो मॅनिप्युलेटिव्ह!" हळूच म्हणाली हो ती, पण गाणं तेव्हाच संपलं होतं ना. सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

आजींचा डोळे पुसणारा हात तिथंच थांबला. मला विचारतायत, "काय म्हणाली गं ती?" आता मी काय सांगू? म्हटलं, शेवट जरा जास्त झाला म्हणतेय. "जास्त? पोर मेलं तिथं, आणि जास्त?" तिच्या सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांचा चेहरा असा झाला की... जाऊ दे, त्यांचं आधीच फारसं पटत नाही, तुम्हाला माहीतच आहे.

पण खरं सांगू? सूनबाईंचं अगदीच चुकीचं नव्हतं. त्या पोराला मारायचं काय नडलं होतं? सगळं जुळत आलेलं. आई कॅसिनोत राबणारी, दारूतून वर यायला धडपडणारी. तो भाजलेल्या चेहऱ्याचा मास्तर आणि ती, कसेबसे एकत्र आलेले. पोरानं सुरू केलेल्या उपकारांच्या साखळीचा माग काढत काढत पत्रकार लास व्हेगासला पोचलेला, पोराची मुलाखतसुद्धा झालेली. आणि मग एकदम सुरा! रडा म्हणजे रडा. तिकडच्या समीक्षकांनी तेव्हाच नाकं मुरडली होती. मास्तर केव्हिन स्पेसी, आई हेलन हंट, दोघंही ऑस्करवाले, आणि एवढ्या तालेवार मंडळींना शेवटी नुसतं मेणबत्त्यांच्या उजेडात उभं करायचं?

मला विचाराल तर सिनेमा तिथं नाहीच. ती आई आपल्या आईला भेटायला जाते ना, ती दारुडी, रस्त्यावर राहणारी म्हातारी, तिथं आहे. इतक्या वर्षांचा राग गिळून ती तिला माफ करते. एकही मेणबत्ती नाही, आणि मास्तरही नाही मध्ये बोलायला. आजी तिथं रडल्या नाहीत बरं का. गप्प बसून राहिल्या. त्यांच्या बहिणीचं आणि त्यांचं... असो. ते वेगळं प्रकरण आहे, पुन्हा कधी.

तर काय सांगत होते... हां, भांडण! लायब्ररीवाल्या मॅडम उठल्या. पुस्तक कॅथरीन रायन हाइडचं, १९९९चं, आणि "मूळ पुस्तकात मास्तर काळा आहे, व्हिएतनामच्या लढाईत भाजलेला. सिनेमावाल्यांनी त्याला गोरा केला आणि भाजण्याचं पाप बापाच्या माथी मारलं." आणि गाव म्हणे कॅलिफोर्नियातलं अटास्कडेरो, लास व्हेगास नव्हेच. हे सगळं अशा थाटात, जशा काही लेखिकेच्या शेजारीच भाड्यानं राहून आल्यात. पण एक मात्र छान सांगितलं त्यांनी. त्या लेखिकेची गाडी म्हणे एकदा नको त्या वस्तीत पेटली. दोन अनोळखी माणसं धावत आली. हिला वाटलं, लुटायलाच आली. तर त्यांनी आग विझवली, आणि ही आभार मानायला वळते तो दोघं निघूनही गेलेले. ते आभार तिच्याकडे तसेच राहिले, त्यातून पुढे पुस्तक सुचलं.

इतकं छान वातावरण झालं होतं बघा. पण गणिताचे सर बसले होते ना! मंडळ बायकांचं, मग सर कसे म्हणता? अहो, प्रोजेक्टर त्यांचा! पोराचा तो हिशोब, एकानं तिघांचं भलं करायचं, त्या तिघांनी नऊ जणांचं, तो सरांनी सिनेमा चालू असतानाच मोबाईलवर मांडला होता. "तेराव्या फेरीला १५ लाख ९४ हजार ३२३. विसाव्या फेरीला ३४८ कोटी. एकविसाव्या फेरीला १०४६ कोटी! आणि जगात माणसं आठशे कोटींच्या थोडी वर. उपकार करायला माणूस आणणार कुठून?"

सगळ्या हसल्या. फक्त पाच नंबरच्या काकू हसेनात. त्यांनी नुकतंच ते साबण-पावडरचं घेतलंय ना, तीन मेंबर करा, त्यांनी तीन करायचे... सर काही त्यांच्याकडे बघत नव्हते, पण बाकी सगळ्या बघत होत्या. त्यात आजी म्हणतात, "अगंबाई, म्हणजे ही संतोषी मातेची पत्रंच की!" आठवतात ना ती पोस्टकार्डं? इतक्या जणांना पाठवा, नाही पाठवलीत तर अमुक होईल. आमच्या आईनं घाबरून रात्रभर जागून लिहिली होती. मी म्हणणार होते की आजी, इथं धाक नाही हो कसला, पण ऐकतंय कोण.

तेवढ्यात कॉलेजातल्या पोरी, "काकू, हा तर सलमानचा 'जय हो'!" बरोबरच आहे, २०१४चा. तो घेतला चिरंजीवीच्या तेलुगू 'स्टालिन'वरून, २००६चा, मुरुगदासचा, आणि त्याच्या मुळाशी हे व्हेगासचं पोरगं. सिनेमासुद्धा एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला असाच आलाय बघा. सलमान म्हणतो, थँक्यू नको, तीन माणसांना मदत करा, आणि मधल्या वेळात तीसेक जणांना बडवून काढतो. सूनबाई म्हणाल्या, "तिथं मात्र काइंडनेस दिसतो तुम्हाला!" पण त्यात ती जेनेलिया आहे ना, आपली देशमुखांची सून, हात नसलेली मुलगी झालीय. परीक्षेचा पेपर लिहून द्यायला माणूस हवा, आणि कुणालाच वेळ नाही. शेवटी जीव देते बिचारी. बरं, त्यात कुणी दुष्ट नव्हतं हो, जो तो आपला घाईत. मेणबत्त्यांपेक्षा मला ते जास्त लागलं. असं सलमानच्या सिनेमाबद्दल आपण बोलू असं वाटलं नव्हतं, पण बोलले बाई.

आता खरी मजा ऐका. सिनेमानं सगळ्यात जास्त भारावल्या कोण? अकरा नंबरच्या वहिनी! त्यांच्याकडे सेक्रेटरीबाईंचा डबा होता. संक्रांतीला वड्या घालून दिलेला, चांगला जाड स्टीलचा, रुखवतातला, वर नाव कोरलेला. रिकामा डबा परत द्यायचा नाही म्हणून थांबल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यात बेसनाचे लाडू भरले आणि दिला कुणाला, तर वॉचमनच्या बायकोला! वर सांगितलं, "परत करू नकोस हं, पुढे दे." तिला बिचारीला काय कळलं कोण जाणे, तिनं त्यात चटणी भरून इस्त्रीवाल्याला दिला.

आणि काल सकाळी सेक्रेटरीबाई दारात! "माझा डबा?" वहिनी हसत हसत म्हणाल्या, "अहो, तो पुढे गेला!" मी दाराशीच होते, फुलपुडी घ्यायला आले होते. सेक्रेटरीबाईंचं तोंड तुम्ही बघायला हवं होतंत. परवा पत्रकाराला तो अनोळखी वकील जॅग्वारची किल्ली देतो, तेव्हा सगळ्यात आधी टाळ्या ह्यांनीच वाजवल्या होत्या! आता म्हणतात, "उपकार न्या हवे तिकडे, डबा माझ्या आईनं दिलाय." वहिनींचा चेहरा पांढराफटक. "मी नवा आणून देते," म्हणाल्या. "नवा नको. तोच."

तेव्हापासून सेक्रेटरीबाई दारोदार फिरतायत, सिनेमातल्या त्या पत्रकारासारख्या, उलट्या दिशेनं. वॉचमनच्या बायकोपर्यंत पोचल्या, इस्त्रीवाल्यापर्यंत पोचल्या. तो म्हणाला, शेंगदाणे घालून एका साहेबांना दिला. कोण साहेब? नाव सांगता येईना त्याला. म्हणाला, कपड्यांचा गठ्ठा द्यायला गेलो होतो, बाईसाहेब गावाला होत्या, साहेब एकटेच घरी, म्हटलं दोन दाणे खातील.

मी त्यांना काही बोलले नाही हं. पण या आठवड्यात गावाला गेलेल्या तुम्हीच एकट्या. भाऊजींना विचारा बरं जरा, ओट्याखाली, फ्रिजच्या मागे कुठे ठेवलाय का. आणि सापडला तर आधी मला सांगा, तसाच नेऊन देऊ नका. त्यात काय घालून द्यायचं ते आपण दोघी ठरवू.