खडीवरची सायकल : इगतपुरीच्या काकांस लेखी खुलासा

पिट्सबर्ग, पेनसिल्वेनिया
कोजागरीनंतरचा रविवार

तीर्थस्वरूप काका व सौ. काकू यांच्या सेवेशी, पिट्सबर्गच्या बिऱ्हाडाचे शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

‘ग्रॅव्हल बाइकिंग’ या प्रकाराविषयी इगतपुरीत जो गैरसमज पसरला आहे, त्याचे मूळ ‘खडी’ या एका शब्दात आहे. ज्यांची उभी हयात पी-वे इन्स्पेक्टर म्हणून थळ घाटातले रूळ तपासण्यात गेली, त्यांच्या लेखी खडी म्हणजे स्लीपरांखालची काळी, कोनदार, चपलेचा तळ फाडणारी खडी. आणि पुतण्या सहकुटुंब तीवरून सायकल चालवतो, तीही पदरचे पैसे खर्चून, असे फोनवर कळल्यावर काकांनी एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखवण्याचा विषय काढावा, हे क्रमप्राप्तच होते. तोंडी खुलासा काकांनी नोकरीत असताना कोणा गँगमनचाही कधी ग्राह्य धरला नाही, तेव्हा पुतण्याचा धरतील ही अपेक्षाच चूक होती. सबब हा लेखी खुलासा, कार्यालयीन शिस्तीस अनुसरून, सादर होत आहे.

‘ग्रॅव्हल’ या शब्दाने अमेरिकेत जो रस्ता अभिप्रेत असतो, त्याला आपल्याकडे मुरमाचा रस्ता म्हणतात, म्हणजे ज्यावर डांबर नाही, पण मुरूम किंवा दगडाचा बारीक कच पसरून आणि दाबून ज्याची धावण्याजोगी पाठ केलेली आहे असा रस्ता. त्यासाठी लागणारी सायकल शर्यतीच्या सायकलीची थोरली बहीण म्हणता येईल : हँडल तसेच, मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले, परंतु टायर जाड, साधारण ४० मिलिमीटर रुंद, आणि त्यात हवा कमी, जेणेकरून खड्ड्याचा हिशेब मणक्यापर्यंत पोहोचण्याआधी रबरातच मिटावा. बहुतेकांच्या टायरमध्ये ट्यूबच नसते, तिच्याऐवजी ताकासारखे पांढरे द्रव्य ओतलेले असते आणि बारीक काटा रुतला तर ते द्रव्य स्वतःच भोक बुजवते. पंक्चरवाल्याच्या धंद्यावर ही गदा आहे, हे मान्य. सायकलीची किंमत काकूंसमोर मोठ्याने वाचली जाण्याचा संभव असल्यामुळे या पत्रात दिलेली नाही.

ज्या मार्गावरून या कुटुंबाने यंदा चार दिवस सायकली हाकल्या, त्याचे नाव ‘ग्रेट ॲलेगेनी पॅसेज’ असे असून तो मेरीलँड राज्यातील कंबरलँडपासून पिट्सबर्गपर्यंत १५० मैल, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर, जातो. येथे काकांनी खुर्चीत नीट सावरून बसावे, कारण हा मार्ग मुळात रेल्वेचाच आहे. वेस्टर्न मेरीलँड रेल्वेने आपली लाइन डोंगर ओलांडून कॉनेल्सव्हिलपर्यंत १९१२ साली नेली. पण त्याच दरीत नदीच्या दुसऱ्या काठाने बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेची लाइन आधीपासून होती, आणि पुढे दोन्ही कंपन्या एका छत्राखाली आल्यावर एका नदीला दोन सुना कशाला, असा विचार होऊन १९७५ साली धाकटी बंद झाली. रूळ उचलले, स्लीपर गेले, मात्र भराव, कटिंग, पूल आणि बोगदे जागच्या जागी राहिले, आणि त्यांवर चुनखडीचा बारीक कच दाबून बसवला गेला. पहिला तुकडा ओहायोपाइल गावाजवळ १९८६ साली खुला झाला आणि पिट्सबर्गपर्यंतचे काम २०१३ साली पुरे झाले. अशा वाटेला ‘रेल-ट्रेल’ म्हणतात. तात्पर्य, काकांच्या खडीचा येथे चाकाशी संबंध येत नाही, आणि विनापरवाना रुळांत शिरल्याचा गुन्हाही घडत नाही.

या वाटेची खरी पुण्याई चढात आहे, आणि ते इगतपुरीकरांखेरीज कोणाला सांगावे? कसारा ते इगतपुरी गाडीला ३७ फुटांमागे १ फूट चढावे लागते आणि मागून बँकर इंजिने लावावी लागतात. येथे कंबरलँडकडून सुरुवातीचे २४ मैल सगळा चढच असला तरी तो कोठेही पावणेदोन टक्क्यांच्या वर जात नाही, म्हणजे ५७ फुटांमागे १ फूट, आणि माथ्यापासून पिट्सबर्गपर्यंतचा उतार तर एक टक्क्याहूनही सौम्य. वाफेच्या इंजिनाला दम लागू नये म्हणून शंभर वर्षांपूर्वी कोणा इंजिनिअरने जे डोंगर फोडले, त्याचा लाभ आज संगणकापुढे बसून सुटलेल्या पोटाला मिळतो आहे. तरीही फ्रॉस्टबर्गच्या अलीकडे सौभाग्यवतींची गती मंदावली आणि चिरंजीवांना बँकर म्हणून मागे जोडावे लागले. चिरंजीवांनी या सेवेचा मोबदला आइस्क्रीमच्या रूपाने वसूल केला, हेही नोंदवलेले बरे.

माथ्याच्या थोडे आधी बिग सॅव्हेज नावाचा ३,२९४ फुटांचा बोगदा लागतो, आणि मग २,३९२ फुटांवर पूर्वेकडचा जलविभाजक, म्हणजे जिच्या एका अंगाचे पाणी एका समुद्राला आणि दुसऱ्या अंगाचे दुसऱ्याला मिळते ती रेषा. महाबळेश्वरी सावित्री अरबी समुद्राला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला जाते, तसाच हा प्रकार : इकडचे पाणी पोटोमॅक नदीतून अटलांटिककडे, तिकडचे मिसिसिपीमार्गे मेक्सिकोच्या आखाताकडे. एवढ्या मोठ्या घटनेचे स्थळ म्हणजे रस्त्याखालचे एक छोटे भुयार आहे. देऊळ नाही, कुंड नाही, गोमुख नाही, नारळवालाही नाही. आपल्याकडे हे असे राहिले नसते. पुढे मायर्सडेलजवळचा १,९०८ फूट लांबीचा सॅलिसबरी पूल कॅसलमन नदी, हमरस्ता आणि चालू रेल्वे या तिघांनाही एका दमात ओलांडतो, आणि त्यावरून खाली मालगाडी दिसली तेव्हा काकांची आठवण झाली.

कॉन्फ्लुअन्स गावी, ज्याच्या नावाचा अर्थच संगम, कॅसलमन ज्या नदीला मिळते तिचे इंग्रजी स्पेलिंग बारा अक्षरांचे असून उच्चार ‘यॉकगेनी’ असा होतो. स्थानिक लोक ‘यॉक’ एवढ्यावर भागवतात. या नदीतून होडीने जाता येईल काय, हे पाहण्यासाठी जॉर्ज वॉशिंग्टन १७५४ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, येथे आले होते आणि ओहायोपाइलचा धबधबा पाहून त्यांना तो विचार सोडावा लागला. जे त्यांना होडीने जमले नाही ते काकूंच्या सुनेने सायकलीवरून केले, ही बाब भिशीत सांगण्यास हरकत नाही. ओहायोपाइलला नदी एका टेकाडाला मोठा वळसा घालते, तर रेल्वे आपल्या स्वभावाप्रमाणे सरळ गेल्यामुळे सायकलस्वारास तीच नदी थोड्या अंतरात दोनदा ओलांडावी लागते. आश्विनात या दरीतली मेपलची झाडे हळदीपासून कुंकवापर्यंत सर्व छटांनी भरतात, आणि रात्री पलीकडच्या काठाने मालगाडीचा भोंगा ऐकू येतो.

दोषही नमूद करणे प्राप्त आहे. चुनखडीची धूळ शिरगोळ्याच्या रांगोळीसारखी मऊ असून पाऊस पडताच तिची पेस्ट होते आणि ती पोटऱ्या, साखळी व पाण्याच्या बाटलीचे तोंड यांवर सारख्याच निष्ठेने बसते. दुसऱ्या दिवशी सर्व कुटुंब चुना काढलेल्या भिंतीसारखे दिसत होते. काकूंनी पाठवलेला पातळ पोह्यांचा चिवडा हँडलच्या पिशवीत ठेवल्याने पहिल्या ३० मैलांतच त्याचा भुगा झाला व तो पुढे पाण्याबरोबर प्यावा लागला. दशम्या आणि गुडदाणी मात्र शेवटपर्यंत टिकल्या, त्यामुळे दुकानात मिळणाऱ्या महागड्या ताकदीच्या चिकट पुड्यांची गरज पडली नाही.

बिग सॅव्हेज बोगद्याला गोठणाऱ्या पाण्याने इजा होऊ नये म्हणून तो हिवाळ्यात दारे लावून बंद ठेवतात आणि एप्रिलच्या सुमारास उघडतात. तेव्हा उभयतांनी मे महिन्यात यावे, असे येथील सर्वांचे मत पडले आहे.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

ता. क. : भाड्याच्या सायकलीचा आकार पायाच्या आतल्या लांबीवरून ठरत असल्यामुळे काकांनी आपल्या पायजम्याचे माप इंचांत कळवावे.