सागरी मार्गाने उशिरा पोचण्याची कृती

सर्वप्रथम पुण्या-मुंबईचे घड्याळ घरी ठेवावे आणि पंचांग सोबत घ्यावे. कोकणच्या सागरी मार्गावर वेळ काट्यांवर नव्हे, तिथीवर चालते. हिशेब सोपा आहे : तिथीला पाऊणने गुणावे, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, षष्ठीला साडेचार. थोडे मागेपुढे होते, पण समुद्राकडून तुम्हाला तेवढेही चालत नसेल तर सरळ मुंबई-गोवा महामार्गाने जावे. तिकडे उशीर व्हायला खड्डे आहेत.

किमान दोन दिवस राखावेत आणि उत्तरेकडून सुरुवात करावी. हंगामात पहाटे वेळासच्या किनाऱ्यावर हजर राहावे. ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यावरची टोपली स्वयंसेवक हलकेच उचलतात आणि दीडशे डोकी एकदम वाकतात. टोपलीखाली वाळू असते, नुसती. ‘संध्याकाळी बघू,’ असे म्हणून टोपली पुन्हा ठेवली जाते. अंड्यातून पिल्लू यायला पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात. तुमची रजा दोन दिवसांची आहे हे त्याला कोणी कळवलेले नसते. इथे चिडू नये. चिडणाऱ्यांनी केळशीमार्गे पुढे निघावे. आडे-पाडल्याला समुद्र रस्त्याला इतका खेटून आहे की गाडी आपोआप थांबते. (आमची तर दोनदा थांबली. दुसऱ्यांदा पेट्रोल संपले होते.)

संध्याकाळी हर्णैच्या लिलावात उभे राहावे, परंतु कोणत्याही परिस्थितीत मान हलवू नये, डोके खाजवू नये. एका स्नेह्याने माशी हाकलली आणि पाटीभर बांगडा त्यांच्या नावावर चढला. पाटीवाल्या मावशींनी ‘घ्या ओ भाऊ, आता लाजता कशाला?’ म्हटल्यावर त्यांनी पैसे काढले. ती पाटी पुढचे दोन दिवस मागच्या सीटवर आमच्याबरोबर होती. आजही ऊन पडले की गाडीत तिची आठवण येते.

खाडी आली की इंजिन बंद करावे. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाची गोष्ट मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासून चालू आहे, पण दाभोळला तुम्ही नेमके पाण्यापाशी थांबता. पलीकडचे धोपावे इथून हाक मारली तर ऐकू जाईल असे वाटते. रस्त्याने जायचे तर चिपळूणचा वळसा. म्हणून जंगलजेटी, म्हणजे गाड्या पलीकडे नेणारी बोट. ती हमखास नुकतीच सुटलेली असते. तेवढ्यात धक्क्यावरचे आजोबा ‘कुठचे तुम्ही?’ विचारतात. गाव सांगावे, आडनाव सांगावे, मूळ गाव सांगावे. तिसऱ्या उत्तरापर्यंत ते तुमच्या चुलत आत्याच्या सासरी पोचलेले असतात आणि तिथले जमिनीचे भांडणही त्यांना ठाऊक असते. जेटी परत येते, पण भांडण अर्ध्यात असते. ती जेटी सोडावी.

पुढच्या जेटीवर गाडी चढवताना आत्मसन्मान काठावर ठेवावा. ‘ये, ये, ये, अजून ये, बस्स!’ असे ओरडणाऱ्या पोराचे वय तुमच्या लायसन्सपेक्षा कमी असते. त्याचे ऐकावे. आरशात पाहू नये, आरशात फक्त पाणी दिसते.

गुहागर मागे टाकून हेदवीची बामणघळ गाठावी. खडकाच्या चिंचोळ्या भेगेत भरतीची लाट घुसते आणि पाण्याचा खांब उभा राहतो, ते पाहायला लोक येतात. आपण षष्ठीला, भर दुपारी एक वाजता पोचावे. घळीत एक खेकडा असतो. त्याचे फोटो काढून झाले की जेवण शोधावे.

घरगुती खानावळीच्या पडवीत उभे राहून शक्य तितक्या नम्र आवाजात ‘जेवण मिळेल का?’ विचारावे. आतून प्रश्न येतो, ‘सकाळी फोन केलेलात काय?’

काही बोलू नये. बोटाने चार माणसे दाखवावीत.

‘आधी सांगायला नको? बसा आता. भात टाकते.’

बसावे. भरतीला अजून साडेतीन तास आहेत.