निमंत्रण मागे घेण्याचा नमुना

प्रति,
व्यावसायिक ईमेल-लेखनाचे वर्ग घेणारे समस्त प्रशिक्षक

विषय : आपल्या पुस्तिकेतील एका उणिवेबाबत

महोदय,

आपली पुस्तिका चाळली. विषय नेमका हवा, मजकूर आटोपशीर हवा, सूर नम्र हवा, पाठवण्याआधी एकदा पुन्हा वाचावे, सारे पटले. रजेचा अर्ज, थकीत बिलाची आठवण, बैठकीचे इतिवृत्त, सगळ्यांचे नमुनेही आहेत. फक्त एक नाही. आपणच सन्मानाने बोलावलेल्या माणसाला ‘आता येऊ नका’ कसे कळवावे?

हा नमुना आमच्या यवतमाळने जानेवारी २०१९मध्येच करून ठेवला आहे. ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन ११ जानेवारीला नयनतारा सहगल करणार होत्या. वय ९१. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवलेल्या, आणि २०१५मध्ये तो परतही केलेल्या. वडील रणजित पंडित मराठी घरातले, ‘राजतरंगिणी’ इंग्रजीत नेणारे. इंग्रजीत लिहिणारी बाई मराठीच्या मांडवात कशाला, असा स्थानिक मनसेतून आवाज उठला, कार्यक्रम उधळण्याची भाषा झाली आणि ६ जानेवारीला निमंत्रण रद्द केल्याचा ईमेल निघाला. ज्या जिल्ह्यात तहसिलीतला कागद कलेक्टर कचेरीत पोचता पोचता हंगाम उलटतो, तिथली ही तडफ आपण विद्यार्थ्यांपुढे ठेवावीच.

त्यातली खरी कारागिरी मात्र पत्त्याच्या रकान्यात आहे. धमकी एकाने दिली, ईमेल दुसऱ्याला गेला. कार्यालयीन संबंध जपण्याचे इतके नेमके सूत्र आपल्या पुस्तिकेत कुठेच नाही. टेबलावर हात आपटणाऱ्याला चहा सांगायचा आणि मुकाट्याने तयारी करून बसलेल्याला ‘तांत्रिक कारणास्तव’ कळवायचे, हे आपल्या सगळ्याच हापिसांत चालते. आम्ही फक्त ते अखिल भारतीय पातळीवर नेले. संयोजकांची भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही. मांडव त्यांचा, वर्गणी त्यांनी जमवलेली, खुर्च्या मोडल्या असत्या तर त्यांच्याच. पण त्या भीतीचे बिल पाहुण्याच्या नावे फाडले गेले.

परिणामही शिकवण्याजोगे. मनसेचे अध्यक्ष राज ठाकरे यांनीच दिलगिरी व्यक्त केली, आपला विरोध नसल्याचे सांगितले. म्हणजे ज्याच्या धाकाने दाराला कडी घातली, तोच म्हणाला, येऊ द्या की! पण बाई काही आल्या नाहीत. कितीतरी साहित्यिकांनी पाठ फिरवली. निर्णय नेमका कुणाचा, यावर बोटे एकमेकांकडे वळली आणि साहित्य महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला. आपण ‘प्रत कुणाकुणाला पाठवावी’ हे शिकवता. सही कुणाच्या मनाची असते, तेवढे राहून जाते.

सहगल यांचे भाषण मात्र संयोजकांकडे आधीच पोचलेले होते. ते वर्तमानपत्रांत छापून आले, मोबाइलवरून फिरले. मांडवात बसून मागच्या रांगेने ते जांभया देत ऐकले असते; आता महाराष्ट्राने घरबसल्या, चवीने वाचले. नुसत्या निमंत्रणपत्रिकेने त्याला इतकी जाहिरात कधी मिळाली नसती.

उद्घाटन केले वैशाली येडे यांनी. कळंब तालुक्यातल्या राजूरच्या, शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या, ‘तेरवं’ नाटकात काम करणाऱ्या. अध्यक्षपदी अरुणा ढेरे होत्या, समोर राजकारणी आणि पंडित होते, आणि त्या सगळ्यांना येडे यांनी एकट्या बाईचे जगणे तोंडावर ऐकवले. मसुदा कुणाकडून तपासून घेतल्यासारखा सूर त्यात नव्हता. आपल्या निकषांवर त्या बहुधा नापास होतील. सूर पुरेसा सौम्य नाही, आणि शेवटी ‘आपल्या सहकार्याच्या प्रतीक्षेत’ही नाही.

तरी पुढच्या आवृत्तीत या नमुन्याला जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
यवतमाळचा एक रसिक

ता. क. : आपल्या वर्गाला मला जरूर बोलवा. मग रद्द करावेसे वाटले तर ईमेल नको, फोन करा. कारण खरे सांगितलेत तर रागावणार नाही.