झडीच्या दिवशी शेतावर करावयाचे गृहोद्योग : एक शास्त्रोक्त मार्गदर्शन

सलग दोन-तीन दिवस सूर्याचे दर्शन होत नाही आणि पाऊस धड कोसळतही नाही व धड थांबतही नाही, अशा रिपरिपीला विदर्भ-मराठवाड्यात 'झड' म्हणतात. या काळात रानाला वाफसा नसतो, म्हणजे मातीच्या कणांमधील पोकळ्या पाण्याने भरून गेल्याने हवेला जागा उरत नाही, आणि अशा रानात औत घातले तर जमीन तुडवली जाऊन पुढे तिची ढेकळे होतात. म्हणून औते गोठ्याला टेकवून ठेवली जातात आणि एरवी चार दिशांना पांगलेले कुटुंब एका छपराखाली गोळा होते. पावसाळी गृहोद्योगांचा उगम या सक्तीच्या सहवासात आहे. गोठ्यातील शेण, धार आणि वैरण यांना मात्र झडीची सुटी लागू नसल्याने, त्या कामांपासून माणसाला सन्मानाने दूर ठेवील असाच उद्योग निवडणे हे या शास्त्राचे पहिले सूत्र मानले जाते.

प्रारंभ छपराकडे पाहण्याने करावा. छपराला भोक जेथे असते तेथेच पाणी ठिबकत नाही, कारण ते वाशाच्या खालच्या अंगाने वाहत जाऊन एखाद्या गाठीशी किंवा सांध्याशी थांबते व मगच खाली पडते. त्यामुळे ठिबकण्याच्या जागेवरून गळतीचे मूळ शोधणे हा अर्ध्या दिवसाचा गंभीर विषय होतो. मूळ सापडल्यावर ठिबकण्याच्या जागेखाली घमेले ठेवावे व विषय संपवावा. शाकारणी, म्हणजे कौले उतरवून, फुटकी बदलून पुन्हा रचणे, हे काम मृग लागण्यापूर्वी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत करावयाचे असते. ते तेव्हा का झाले नाही, हा प्रश्न घरातील स्त्रिया प्रत्येक झडीत एकदा तरी विचारतात. त्याचे उत्तर देणे हस्तकलेच्या कक्षेत येत नाही.

दुसरा उद्योग खोळीचा. रिकाम्या पोत्याचा तळाचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात आतून खोचला की डोक्यावर टोपीसारखी बसणारी व पाठीवरून पोटरीपर्यंत लोंबणारी जी वस्तू तयार होते, तिला खोळ म्हणतात. तागाचे पोते उबदार असले तरी घटकाभरात पाणी पिऊन जड होते, म्हणून अलीकडे युरियाच्या प्लास्टिक पोत्यास पसंती आहे. २०१८पासून या पोत्यात ५०ऐवजी ४५ किलो खत येऊ लागले, परंतु या घटीचा खोळीच्या लांबीवर काय परिणाम झाला, याकडे कृषी विद्यापीठांचे लक्ष गेल्याचे दिसत नाही. खोळ पुरुषाने तयार करावी आणि ती घालून गवताचा भारा आणायला घरातील स्त्रीने जावे, अशी वहिवाट आहे.

सर्वश्रेष्ठ उद्योग अर्थातच दोर वळण्याचा. त्यासाठी वाख लागतो. वाख म्हणजे हिवाळ्यात कापलेल्या अंबाडीच्या पेंढ्या पाण्यात कुजवून, साल सोलून, धुऊन वाळवलेला तंतू, जो माळ्यावर नेमक्या याच दिवसासाठी ठेवलेला असतो व ज्यात दरम्यान उंदराने संसार थाटलेला असतो. उंदरास हलवल्यावर वाखाच्या दोन बटा घ्याव्यात, प्रत्येक बट मांडीवर तळहाताने एकाच दिशेने घोळवून पीळ भरावा आणि मग दोन्ही बटा एकमेकींभोवती उलट दिशेने गुंडाळाव्यात. प्रत्येक बट आपला पीळ उलगडू पाहते, त्या धडपडीत दुसरीला अधिकच आवळते आणि म्हणून दोघी सुटत नाहीत. एकत्र कुटुंबपद्धतीच्या अभ्यासकांनी या यंत्रणेची पुरेशी दखल घेतलेली नाही. दोराचे मोकळे टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून ठेवतात, आणि ज्याच्या अंगठ्यात दोर आहे त्याला उठवता येत नाही, धार काढायला तर मुळीच पाठवता येत नाही. पोळ्याला, म्हणजे श्रावणी अमावास्येला, बैलांच्या अंगावर नवा कासरा व नवी वेसण असावी लागते, हे कारण विचारणाऱ्यास सांगण्यासाठी तयार असावे. पूर्वीच्या दोराला पीळ कसा बसत असे, याविषयी बाजेवरून वडीलधाऱ्यांचे भाष्य चालू असते. त्याला हुंकार द्यावा, हात थांबवू नये, हात चालवण्याची घाईही करू नये.

गोधडी हा स्त्रियांचा उद्योग असून तो खरोखर पूर्ण होतो, त्यामुळे या ग्रंथात त्याला गौण स्थान आहे. जुने लुगडे अंथरून, त्यावर जीर्ण कपड्यांचे थर लावून, कडेकडेने आत जाणारा धावदोरा घातला जातो. पुरुषाने फक्त थर दाबून बसण्यासाठी गोधडीवर बसावे. आपला ठेवणीतला सदरा मधल्या थरात गेल्याचे त्याला तेथेच, बटणाच्या टोचण्यावरून कळते. मुलांना मातीचे बैल करण्यास द्यावे, शिंगांना तुऱ्हाटीच्या काड्या लावाव्यात. झडीत माती वाळत नाही, म्हणून बैल चुलीच्या कडेला मांडले जातात आणि भाकरी भाजणाऱ्या बाईने ते उचलून फेकेपर्यंत तेथेच राहतात.

पाऊस उघडल्यावर वाफसा तपासावा लागतो. मूठभर माती दाबून गोळा करावा व कमरेच्या उंचीवरून सोडावा. तो फुटला तर रान कामाला आले, चपटा होऊन बसला तर आणखी एक दिवस दोर वळण्यास शास्त्राधार मिळाला. माती बांधाखालच्या पाणथळ कोपऱ्यातून घेतल्यास हा आधार सहसा चुकत नाही, मात्र घरधनिणीने वरच्या वावरातली मूठ आधीच आणून ओट्यावर फोडलेली असल्यास वाद घालू नये, कोळपे जुंपावे. अर्धवट दोर त्या वेळी अंगठ्यातून काढून खुंटीला टांगावा आणि बैलांसाठी आठवडी बाजारातून नायलॉनचा कासरा आणावा.