पिकअपवाले आप्पा

कोल्हापुरात दर गल्लीला एक तालीम, एक तरुण मंडळ आणि एक पिकअपवाला असतो. पहिली दोघं उघडपणे वर्गणी मागतात. तिसरा नुसतं "चल भावा, एक राउंड मारू" म्हणतो आणि तुमचा रविवार घेऊन जातो.

आमच्या गल्लीतले आप्पा या जातीचा अस्सल नमुना. वय पन्नाशीच्या पुढं, नोकरी पतसंस्थेत वसुलीची, नखं बारमाही काळी, खिशात पेनाशेजारी प्लगचा गॅप बघायचं फीलर गेज. दारात 2002 ची एस्टीम. पंधरा वर्षं भरली तेव्हा घरच्यांना वाटलं, सुटलो. आप्पांनी पर्यावरण कर भरला, आणखी पाच वर्षांचं पासिंग करून आणलं आणि गल्लीत पेढे वाटले. पुढच्या पाच वर्षांनी पुन्हा तेच. मुलीच्या पदवीला बर्फी होती, पेढे नव्हते.

"तेराशे सीसी, सोळा व्हॉल्व्ह, 85 घोडं," आप्पा बॉनेट उघडून सांगतात. "आजची ती नवी डबडी काय घेऊन बसलाय!" हे 85 घोडे मिळतात 6,000 आरपीएमला, आणि बिंदू चौक ते दसरा चौक या रस्त्यावर आप्पांची गाडी 2,000 च्या वर गेलेली कुणी पाहिलेली नाही. पुढं केएमटीची बस, मागं रिक्षा आणि मधोमध निवांत बसलेली म्हैस असताना घोडे 85 असले काय आणि आठ असले काय. तरी आप्पांना आणखी हवे आहेत.

आड येतात त्या वहिनी. रोज वापरायची गाडी घरात एकच, म्हणून त्यांच्या अटी ठरलेल्या. सकाळी पहिल्या सेल्फला सुरू झाली पाहिजे. एसी लावल्यावर सिग्नलला बंद पडता कामा नये. स्पीडब्रेकरला पोट घासता कामा नये. आणि सासूबाईंना मागच्या सीटवर डुलकी लागली पाहिजे. "या चारांत बसवून काय ते घोडं वाढवा," असं त्यांनी एकदाच सांगितलं. रेसिंगच्या गाड्या बांधणाऱ्यांना इतका कडक नियम कुणी घातला नसेल.

आप्पांची पंढरी म्हणजे उद्यमनगर. बोरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेडला फेसिंग, सगळं एका हाकेच्या अंतरावर. तिथं चहाच्या टपरीवर आप्पांचं प्रवचन चालतं. "एक किलो पेट्रोल नीट जळायला पावणेपंधरा किलो हवा लागती. पैलवानाचं नाक दाबून जोर मारायला लावतासा व्हय?" म्हणून एअर फिल्टर मोठा पाहिजे, हेडचे पोर्ट घासून गुळगुळीत पाहिजेत, सायलेन्सर मोकळा पाहिजे. चुकीचं काही नाही यात. फक्त फेसिंग जास्त मारलं की कॉम्प्रेशन वाढून साध्या पेट्रोलवर इंजिन ठोकायला लागतं, आणि सायलेन्सर फार मोकळा केला की खालच्या आरपीएमची ओढ कमी होते. पण हे 'फक्त' आप्पा टपरीवर बोलत नाहीत.

त्यांचे मिस्त्री मात्र कमी बोलणारे. "पहिलं बघू तरी, हाय काय त्यात," म्हणत त्यांनी चारी प्लग काढले, पहिल्या भोकात कॉम्प्रेशन गेज घट्ट बसवलं आणि आप्पांना सेल्फ मारायला सांगितलं. काटा 170 वर गेला. दुसरा तेवढाच, चौथाही. तिसरा 120 वर अडला. मिस्त्रींनी त्यात चमचाभर ऑइल सोडलं, पुन्हा सेल्फ. काटा सरसर चढला. ऑइलनं काटा चढला म्हणजे रिंगा गेल्या. नसता चढला तर संशय व्हॉल्व्हवर. मिस्त्रींनी गेज पुसून ठेवलं. "आप्पा, पळालेली घोडी आदी धरून आणू. नवी मागनं घ्यू."

आप्पांचा चेहरा पडला. दुरुस्तीत सांगण्यासारखं काय? 'रिंगा बदलल्या' हे वाक्य टपरीवर म्हातारं वाटतं. 'फ्री-फ्लो बसवला' म्हटलं की पोरं जवळ सरकतात. शेवटी तडजोड झाली: मिस्त्रींच्या हट्टानं रिंगा, व्हॉल्व्हचं लॅपिंग आणि क्लच प्लेट, आप्पांच्या हट्टानं सायलेन्सर.

त्या रविवारी जोतिबाचा चढ केर्लीकडून एसी लावून तिसऱ्या गिअरमध्ये निघाला. "सायलेन्सरचा फरक! जाळ आन् धूर संगटच!" आप्पा ओरडले. ओरडावंच लागलं, कारण गाडीत दुसरं काही ऐकू येत नव्हतं. मागच्या सीटवर सासूबाईंनी डोळे मिटले होते ते झोपेनं नव्हे, त्या देवाचा धावा करत होत्या. चौथी अट मोडल्याची नोंद वहिनींनी तिथल्या तिथं घेतली.

जुना सायलेन्सर माळ्यावर आहे. तो पासिंगच्या आदल्या दिवशी खाली उतरतो, कारण मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आप्पांना तोंडपाठ आहे. कंपनीनं दिलेल्या रचनेत परस्पर बदल चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानंही 2019 मध्ये बजावलं. बुलेटच्या सायलेन्सरांवर पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याची बातमी आली की आप्पा पेपर घडी करून म्हणतात, "त्यास्नी आवाज पाहिजे असतोय. आमाला पिकअप."

आणि या सगळ्यात टायर मात्र जुनेच. टायरच्या कडेला चार आकडे असतात. 2314 म्हणजे 2014 सालचा 23 वा आठवडा. आप्पांच्या टायरवर हेच आकडे आहेत. गाडी पळवायला पैसे निघतात, थांबवायचा विषय निघाला की, "नक्षी हाय की अजून!"

तेव्हा तुमच्याही दारात जुनी गाडी असेल आणि तिला जोर आणायचा असेल, तर आधी कॉम्प्रेशन तपासा, ब्रेक बघा, टायरचं साल वाचा. निम्मा पिकअप तिथंच सापडेल. आणि गल्लीत असा एखादा आप्पा असेल, तर त्याच्या वाढदिवसाला शाल-श्रीफळाची वर्गणी काढू नका. चार टायर घ्या.